विंचवाच्या औषधाला गिऱ्हाईक कोण?

(वाचकांचे प्रश्न)

गेल्या दोन महिन्यांच्या टपालातील काही पत्रे या वेळी मी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखक वेगवेगळ्या तालुक्यांतले आहेत, परंतु औषधे आणि दवाखाने यांत पैसा किती आणि माणुसकी किती, या एकाच प्रश्नापाशी सगळे येऊन थांबतात. कोणाचेही नाव छापलेले नाही आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी केज तालुक्यातील एका गावी माध्यमिक शिक्षक आहे. माझ्या वडिलांना नऊ वर्षांपासून रक्ताचा कर्करोग आहे. डॉक्टर त्याला सीएमएल म्हणतात. रोज एक गोळी घेऊन ते शेतात जातात, म्हशीची धार काढतात. ही गोळी एका परदेशी कंपनीने नफ्यासाठीच शोधली असे वाचनात आले. मग कंपन्यांच्या नफ्याला शिव्या घालणे हा कृतघ्नपणा नव्हे काय? आणि मूळ कंपनीच्या भावाने ती घ्यावी लागली असती तर आमची चार एकर जमीन केव्हाच गेली असती, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता येत नाही.

उत्तर : मेळ घालता येतो, मात्र त्यासाठी त्या गोळीची जन्मकथा जरा सविस्तर पाहावी लागेल. वडील घेतात ते औषध म्हणजे इमॅटिनिब. या आजारात रुग्णाच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र सापडते, हे १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातल्या दोन संशोधकांनी दाखवले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलले जातात म्हणून ते आखूड दिसते, हा उलगडा १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठातील जॅनेट राउली यांनी केला. या काळात त्या संशोधनातून कोणाला काही कमाई होईल असे दिसत नव्हते. पुढे स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील एका कंपनीच्या प्रयोगशाळेत औषधाचा रेणू तयार झाला आणि ते श्रेय कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांचेच आहे. परंतु या आजाराचे रुग्ण थोडे, तेव्हा त्यावर पैसा लावावा की नाही याबद्दल कंपनीत चलबिचल होती, आणि ओरेगॉनमधील डॉ. ब्रायन ड्रकर पिच्छा पुरवत राहिले म्हणून १९९८ मध्ये माणसांवरील चाचणी सुरू झाली. गुण दिसू लागल्यावर औषध पुरेसे बनवावे म्हणून रुग्णांनीच कंपनीकडे सह्यांचा अर्ज पाठवला, आणि मे २००१ मध्ये अमेरिकेत विक्रीची परवानगी मिळाली. विद्यापीठांतली विद्या, कंपनीचे कसब, एका डॉक्टरचा हट्ट आणि रुग्णांचा रेटा असे चार भागीदार या गोळीमागे आहेत. सातबाऱ्यावर नाव मात्र एकाचेच लागले.

आता ती तुमच्या आवाक्यात कशी आली ते पाहू. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या बाबतीत बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मान्य केले होते, प्रत्यक्ष औषधाला नव्हे. त्यामुळे तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवण्याची मुभा भारतीय कारखान्यांना होती आणि आपला स्वस्त औषधांचा उद्योग त्यावरच उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली कायदा बदलून औषधालाही पेटंट देणे भाग पडले, परंतु तेव्हा संसदेने कलम ३(ड) घातले. जुन्याच औषधाचे रूप थोडे बदलले आणि गुणकारकता वाढली नाही, तर त्याला नवे पेटंट मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस या मूळ कंपनीने पेटंट मागितले, ते याच कलमाखाली नाकारले गेले, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला. त्या वेळी कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत होते आणि भारतीय कंपन्यांच्या गोळ्यांना आठ ते दहा हजार. त्याआधी मार्च २०१२ मध्ये बायर कंपनीच्या सोराफेनिब या कर्करोगाच्या औषधासाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाची संमती नसतानाही ते बनवण्याची सरकारी मुभा, देण्यात आली, तेव्हा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला होता आणि मूळ कंपनीला स्वामित्वशुल्कही मिळणार होते.

तेव्हा गुरुजी, गोळी बनवणाऱ्यांचे आभार माना, त्यात कमीपणा काही नाही. तुमची जमीन वाचली ती मात्र कोणाच्या दयेने नव्हे, एका कलमाने. कंपनीची रुग्णांना मोफत औषध देण्याची योजनाही होती आणि तिचा लाभ पुष्कळांना झाला, हे नोंदवले पाहिजे. तरीही मोफत मिळणारे औषध देणाऱ्याच्या मर्जीवर चालते आणि स्वस्त झालेले औषध मेडिकलमध्ये जाऊन विकत घेता येते, हा फरक शेतकऱ्याच्या घरात मी समजावून सांगण्याची गरज नाही.

माझी नफ्याविरुद्धची खरी तक्रार किमतीच्याही आधीच्या टप्प्यावर आहे. कोणता आजार अभ्यासायचा आणि कोणता प्रश्न विचारायचा, हेच नफा ठरवतो, आणि जे प्रश्न विचारले जात नाहीत त्यांची नोंद कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

मी इंटर्न होतो तेव्हाची गोष्ट. मराठवाड्यातल्याच एका सरकारी रुग्णालयात, पाऊस लांबलेल्या एका जुलैत, नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाला बैलगाडीतून आणले. कडब्याची पेंढी उचलताना त्याला लाल विंचू चावला होता. अंग घामाने निथळत होते, हातपाय बर्फासारखे गार, आणि मध्यरात्रीनंतर श्वासाबरोबर तोंडातून गुलाबी फेस येऊ लागला. आम्ही सलाईन लावले, स्टेरॉइड दिले, ऑक्सिजनची नळी हातात धरून बसलो. आई सारखी म्हणत होती, "साहेब, इंचूच तर हाय, उतरंल नं?" पहाटे तो गेला. विंचवाच्या विषाने शरीरातील अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे आम्हाला पुस्तकाने शिकवलेले नव्हते.

ते शोधले जालना जिल्ह्यातील देहेड गावात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. १९७६ पासून रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी टिपणे ठेवली, ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी या आवळलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या करते हे त्यांनी दाखवून दिले. शंभरातले चाळीस दगावत होते, तेथे हे प्रमाण एकाच्या आसपास आले. अशी चाचणी कोणत्या कंपनीने केली असती? गोळी जुनी आणि स्वस्त, रुग्ण कोकणातला मजूर नाहीतर आपल्याकडचा सालगडी, आणि औषध आयुष्यात एकदाच, एक-दोन दिवसांपुरते लागणार. विंचवाच्या औषधाला गिऱ्हाईक नव्हते. रुग्ण मात्र प्रत्येक बांधावर होता.

हा एकटा दाखला नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून पिंपांतून पाजले, आणि छावणीतले मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपासचे चार टक्क्यांच्या खाली आले. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांमध्ये सुमारे १,६०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती बधिरतेचे नेहमीचे इंजेक्शन दिले, एवढ्यानेच पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. इंजेक्शनचा खर्च शंभर रुपयांच्या आत. ज्या नव्या औषधाने एवढा फरक पडतो त्याची जाहिरात जगभरच्या परिषदांतून होते. या इंजेक्शनसाठी पेन, डायरी आणि पाकिटे घेऊन कोणत्याही डॉक्टरच्या दारात कोणी उभे राहणार नाही.

कोविडमध्ये हे सगळ्यांनी अनुभवले. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील सरकारी पैशाच्या चाचणीने सिद्ध केले की डेक्सामेथासोन हे जुने, काही रुपयांचे औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतील मृत्यू एक तृतीयांशाने कमी करते. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील कोविडरुग्णांना रेमडेसिविर देऊ नये असा सल्ला दिला, कारण त्याने जीव वाचतो याचा पुरावा तिला दिसला नव्हता. आणि एप्रिल २०२१ मध्ये माझा सख्खा पुतण्या त्याच रेमडेसिविरच्या सहा बाटल्यांसाठी रात्री अकरापासून रांगेत उभा होता, खिशात बायकोच्या पाटल्या मोडून आलेली रक्कम घेऊन. मी त्याला फोनवर समजावले. तो म्हणाला, "काका, चिठ्ठीवर लिहिलंय, नाही आणलं आणि उद्या काही झालं तर?" त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. आमच्या गावातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना पस्तिशीच्या आतच "पिशवी खराब झाली, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असे सांगितले जाते. डॉक्टर फार गोड बोलतात, ताई-माई म्हणतात, पैसे हप्त्याने द्या म्हणतात. बायकांना ते दयाळू वाटतात आणि मी अडवले तर मीच वाईट ठरते. खरी दया आणि धंद्यातली दया ओळखायची कशी?

उत्तर : ताई, बोलण्यावरून ती ओळखता येत नाही. मी चाळीस वर्षांत अतिशय तुसडे पण सचोटीचे सर्जन पाहिले आहेत, आणि रुग्णाच्या सासूच्या पाया पडून शस्त्रक्रियेला राजी करणारेही पाहिले आहेत.

आपण म्हणता ते राज्याने मोजलेले आहे. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतरच्या सर्वेक्षणात जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटासाठी देशाचे प्रमाण तीनच्या आसपास होते. दोन्ही आकडे एकाच तागडीत घालताना वयाचा फरक ध्यानात ठेवावा लागेल, तरी सतरा आणि तीन यांतली दरी वयाने भरून निघणारी नाही.

मात्र सगळा दोष डॉक्टरच्या गल्ल्यावर टाकून आपण सुटलो, असेही होऊ नये. बाई दसऱ्या-दिवाळीला कोयत्यावर जाते ती उचल घेऊन. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि एक दिवस काम बुडाले तर खाडा पडून पैसे कापले जातात. पाचटाच्या खोपीला संडास नाही, न्हाणी नाही, पाळीत धुतलेला कपडा वाळवायला आडोसा नाही. अशा जागी पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, अंगावरून जास्त जाणे हे होणारच, आणि त्यांतल्या बहुतेक तक्रारी गोळ्यांनी, स्वच्छ पाण्याने आणि विश्रांतीने बऱ्या होणाऱ्या असतात. परंतु विश्रांतीचा दिवस मुकादमाला परवडत नाही, उचल फेडायची म्हणून नवऱ्यालाही परवडत नाही, आणि पाळीच बंद झाली तर खाडा टळतो असा हिशेब बाई स्वतःच मांडते. डॉक्टर या तयार हिशेबावर शेवटची सही करतो. त्याचीही बँकेची बाजू असते: तालुक्याच्या गावी वीस खाटांचे रुग्णालय, सोनोग्राफी मशीनचा हप्ता, भुलेच्या डॉक्टरची फी. मी त्याला माफ करत नाही, पण त्या गोड बोलण्यामागचा हप्ता आपल्याला दिसलेला बरा.

व्यवहाराचे सांगायचे तर असे. बाईबरोबर आपण जाल तेव्हा आजाराचे नाव चिठ्ठीवर लिहून मागा. "पिशवी खराब" हे कोणत्याही आजाराचे नाव नाही. सोनोग्राफीचा अहवाल हातात घ्या. औषधे किती दिवस देऊन पाहिली ते विचारा. कॅन्सरची भीती घातली असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी केली का, तुकडा तपासला का, हे विचारा, कारण तपासणीशिवाय कॅन्सरचे नाव घेणे म्हणजे निव्वळ भीती विकणे आहे. अंडाशयेही काढणार आहेत का, हे तर हमखास विचारा: ऐन तिशीत ती काढली की हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि हीच बाई पुढे पंधरा वर्षे उसाच्या मोळ्या उचलणार असते. दुसरे मत घेण्यासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, बीडचे जिल्हा रुग्णालय आहे. कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे राज्याच्या २०२१ च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना सक्तीचे केले आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास राज्यांना सांगितले. हे सारे विचारल्यावर जो डॉक्टर न चिडता उत्तर देतो, त्याच्याकडे बाईला निर्धास्त ठेवा, मग तो ताई म्हणो अगर न म्हणो.

प्रश्न : जालन्यात एकाच औषधाच्या स्ट्रिपवर छापील किंमत ११० रुपये, आणि दुकानदार ओळखीचा म्हणून मला ४० ला देतो. तो स्वतःचे नुकसान करून माझ्यावर उपकार करतो काय?

उत्तर : नाही. काही जेनेरिक औषधांवर छापील किंमत मुद्दाम चढी ठेवतात आणि दुकानदाराला ती फार कमी भावात पडतात. चाळीसमध्येही त्याचा नफा आहे. अनोळखी गिऱ्हाइकाला तीच स्ट्रिप ११० ला जाते, एवढेच. सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्रात त्याच घटकाच्या गोळीचा भाव एकदा विचारून पाहा.

प्रश्न : मी तुळजापूरला समाजकार्याचे शिक्षण घेते. आमच्या जिल्ह्यातील हजारो स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला होता आणि त्यात काही गावांतील स्त्रियांची मुद्दामच तपासणी केली नाही, असे अभ्यासक्रमात वाचले. हा अभ्यास नफ्यासाठी नव्हता, धर्मादाय पैशावर झाला होता. तरीही हे क्रौर्य नाही का?

उत्तर : हे पत्र वाचून मी चार दिवस थांबलो, कारण नफा हटवला की करुणा आपोआप येते हा माझा स्वतःचा आवडता समज या उदाहरणात टिकत नाही.

आधी वस्तुस्थिती. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात हा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला, आणि पैसा गेट्स प्रतिष्ठानाचा होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, गावांचे ५२ गट, आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार भागांत वाटणी: एका भागात हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगर म्हणजे पातळ आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या भागातील ३१,४८८ स्त्रियांना फक्त माहिती व नेहमीची सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यू ठळकपणे घटलेले दिसले नाहीत.

टीकाकारांचे म्हणणे असे की तपासणीने हा कर्करोग टळतो हे श्रीमंत देशांत कधीच सिद्ध झालेले असताना एका गटाला तपासणीविना ठेवून मृत्यू मोजणे अनैतिक होते. करणाऱ्यांचे म्हणणे असे की जिल्ह्यात तेव्हा तपासणीची कोणतीच सोय नव्हती, अभ्यास झाला नसता तर चारही गट तसेच राहिले असते, आणि प्रयोगशाळा व तज्ज्ञ नसलेल्या ग्रामीण भागात कोणती पद्धत खरोखर जीव वाचवते हे कोणालाच ठाऊक नव्हते. दुसरे म्हणणे खोटे नाही. बार्शीच्या त्या लोकांनी ज्या वस्त्यांवर एसटी जात नव्हती तेथे गाडी नेली होती आणि ज्यांना रोग आढळला त्यांच्यावर उपचार केले होते. तरीही "त्यांना तसेही काही मिळत नव्हते" हा युक्तिवाद मला खटकतो. आपल्या दारिद्र्यालाच तो नेहमीची सेवा असे नाव देतो, आणि मग त्या दारिद्र्याशी तुलना करणे शास्त्रीय ठरते. माझ्या मते पेशींची तपासणी हाच तुलनेचा गट ठेवून बाकीच्या पद्धती तिच्याशी ताडता आल्या असत्या. उत्तर यायला वेळ लागला असता आणि स्त्रियाही अधिक लागल्या असत्या, हे मान्य. यावर माझे अनेक समव्यवसायी माझ्याशी सहमत होणार नाहीत.

क्रौर्य हा शब्द मी मात्र त्या अभ्यासासाठी वापरणार नाही. तो मी नंतरच्या वर्षांसाठी राखून ठेवतो. धाराशिवच्या स्त्रियांनी दिलेले उत्तर जगाने घेतले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या स्त्रिया निघाल्या १.९ टक्के. म्हणजे ज्या चौथ्या गटाबद्दल आपण हळहळतो, त्या गटात या सर्वेक्षणाच्या वेळी देशातल्या त्या वयाच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी होत्या, आणि त्यांच्यावर कोणी अभ्यासही करत नव्हते. आपल्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर जुन्या यादीतील एखाद्या गावी जा आणि तेथील चाळिशीच्या बायकांना शेवटची तपासणी कधी झाली एवढेच विचारा. त्यांच्या आया त्या अभ्यासात असतील.

प्रश्न : लातूरला बी. फार्मसी झालो. एका कंपनीच्या औषधचाचणीत समन्वयक म्हणून नोकरी मिळते आहे. आजोबा म्हणतात, गरिबांवर प्रयोग करून पोट भरू नकोस. नोकरी घ्यावी का?

उत्तर : घ्यावी. आजोबांचा संशय मात्र सोबत न्यावा. डॉ. बावस्करांना २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राने रुग्ण पाठवल्याबद्दल १,२०० रुपयांचा धनादेश पाठवला, तेव्हा तो परत करून ते वैद्यकीय परिषदेकडे तक्रार घेऊन गेले. तुम्हाला इतके मोठे काही करावे लागणार नाही, कारण २०१९ च्या औषधचाचणी नियमांनी पुष्कळसे काम सोपे केले आहे. चाचणीची नोंदणी सार्वजनिक आहे, चाचणीला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत संस्थेबाहेरचे सदस्य किमान निम्मे लागतात, चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्याच्या वेळी त्रयस्थ साक्षीदार हजर असावा लागतो.

रुजू झाल्यावर संमतिपत्राचा मराठी तर्जुमा मागून घ्या आणि तो मोठ्याने वाचा. "यादृच्छिकीकरण" वगैरे शब्द त्यात आढळले तर चिठ्ठी टाकून ठरणार, असे बदलून घेण्याचा आग्रह धरा. मग एखाद्या आजीला सगळे सांगून झाले की तिलाच विचारा, "आजी, आता तुम्ही मला सांगा, आपण काय करणार आहोत आणि नको वाटलं तर तुम्ही काय कराल?" ती म्हणाली, "तुमी म्हणताल तसं," तर अंगठ्याचे पॅड बाजूला ठेवा आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करा.